निदान
पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर, जेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले, तेथे उभे राहिले की माझ्या मनात 'निदान' हा एकच शब्द घोळत राहतो. बौद्ध परंपरेने दुःखाच्या कारणशृंखलेतील बारा कड्यांना निदान म्हटले. वैद्य रोगाची ओळख पटवतो त्यालाही निदानच म्हणतात. आणि आजारी लेकराला आई 'निदान दोन घास तरी खा' म्हणते, तेव्हा तोच शब्द अजिजीचा होतो.

पवनीच्याच या भंडारा जिल्ह्यात भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेली एखादी बाई, जिला दोन आठवड्यांपूर्वी हगवण लागून गेलेली असते, एका संध्याकाळी सांगते, ''पायाले मुंग्या आल्यावानी वाटते जी.'' दुसऱ्या दिवशी तिच्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर तिच्या ते ध्यानात येते. दिवसभर चिखलात उभे राहिल्यावर दुसरे काय होणार, असे घरचे म्हणतात. कोणी बाहेरच्या बाधेचा संशय घेतो. आणि घरातले सर्वांत मायाळू वडीलधारे माणूस म्हणते, भोग आहेत, भोगूनच संपायचे.

या मुंग्यांमागे असू शकणाऱ्या व्याधीला गुइलेन-बॅरे सिंड्रोम हे नाव मिळाले ते १९१६ साली फ्रेंच सैन्यातील दोन शिपायांच्या दुखण्याचे वर्णन करणाऱ्या डॉक्टरांवरून. आतड्यात शिरलेल्या एखाद्या जंतूच्या कवचाची घडण मज्जातंतूंवरील द्रव्यासारखी असते, आणि जंतूशी लढण्यास सिद्ध झालेली शरीराची संरक्षक शक्ती त्या सादृश्याने फसून स्वकीयांवरच शस्त्र उगारते. वर्षाकाठी लाखात एकदोघांनाच गाठणारी ही व्याधी २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, एवढी पसरली की संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, आणि 'जीबीएस' ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतही ऐकू येऊ लागली.

'भोग' या उत्तराने शोकाला आधार मिळतो हे मी नाकारीत नाही. परंतु दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी ते उच्चारले गेले की शोधाचे दप्तर तेथेच बंद होते, आणि म्हणून ते मला अमान्य आहे. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला नेमके हेच विचारतो, की माणसाच्या साऱ्या वेदना पूर्वकर्मातूनच येतात काय. त्यावर बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, आघात अशी कारणे एकामागून एक मोजतो, कर्मविपाकाला आठवे स्थान देतो, आणि सर्वच कर्माच्या माथी मारणाऱ्यांना चुकीचे ठरवतो.

मग तिसऱ्या दिवशी प्रमाण कशाला मानावे? पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली दिसतात खरी, पण पहिल्या आठवड्यात ती पुष्कळदा वाढलेलीच नसतात. म्हणजे प्रयोगशाळेची साक्ष उशिरा रुजू होते. आणि इम्युनोग्लोब्युलिनचे किंवा रक्तद्रव बदलण्याचे उपचार तर पहिल्या दोन आठवड्यांच्या मुदतीत सुरू झाले तरच अधिक फळतात; आणि वाट पाहणे धोक्याचे, कारण साधारण चार-पाचांत एका रुग्णाचा श्वासच दुबळा पडून त्याला यंत्राचा आधार लागतो. अशा वेळी मला न्यायदर्शन आठवते. त्याने आप्ताच्या, म्हणजे विषय स्वतः जाणून खरे सांगणाऱ्याच्या, वचनाला स्वतंत्र प्रमाण मानले, आणि भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना समानच लागू होते असे सांगितले. स्वतःच्या पायातल्या मुंग्यांविषयी त्या रोवणीवालीहून अधिक आप्त कोण असणार! फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला आधी पुरावा आण म्हणून दारातूनच परत पाठवणे, हा माझ्या लेखी धर्माचाच भंग आहे.

एखाद्या दवाखान्यात तिचे म्हणणे खरे मानणारा डॉक्टर भेटतो. तो तिला बाकावर बसवून गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारतो. पाय उडत नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारतो; तोही उडत नाही. मग तो तिला खोल श्वास घ्यायला लावतो आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगतो. ती मोजू लागते. अकरा, बारा, तेरा म्हणेपर्यंत आवाज बारीक होतो, आणि चौदावर ती थांबते. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. गाडी बोलावण्याची तजवीज त्याने आधीच केलेली असते.