मांडे आणि मार्था

गेल्या नाताळापूर्वी आमच्या शब्बाथ शाळेत एसावाचा धडा चालला होता. मसुरीच्या वरणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क कसा विकला, हे मी सांगत होतो. एका दहा वर्षांच्या मुलाने मध्येच विचारले, "वरण आवडणे हे पाप आहे का?" वर्ग हसला. मी वेळ मारून नेण्यापुरते काहीतरी उत्तर दिले. परंतु घरी नाताळासाठी हरभऱ्याची डाळ निवडणे सुरू होते, आणि तो प्रश्न काही मनातून जाईना.

आम्ही मूळचे खानदेशातले. तापी खोऱ्यातून सुरतेकडे येणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास झाला, आणि पुढे गिरण्यांच्या व मागांच्या कामासाठी त्याच वाटेने खानदेशची माणसे उधना, लिंबायत व आमच्या पांडेसऱ्यात येऊन राहिली. माझी आई लग्नानंतर आली ती मातीचे खापर गोधडीत गुंडाळून, प्रवासभर मांडीवर धरून. त्या खापरावर ती मांडे करते. आखाजीला आमरसाबरोबर मांडे खाणे हा खानदेशचा जुना रिवाज आहे. आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा काही घरांनी सणाबरोबर मांडेही सोडले. आमच्या घराने ते नाताळात आणले. कोणाचे बरोबर, हा वाद मी येथे घालीत नाही.

ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचे, सैल मळून मुरू द्यायचे. पुरण शिजवून, जायफळ-वेलदोडा घालून बारीक वाटायचे. मग पुरण भरलेला उंडा थोडा लाटून दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, हातभर रुंद होईतो वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. कोठे भोक पडले तर पुरण बाहेर येऊन करपते. धुराने डोळे चुरचुरतात आणि मनगटांवर चटके बसतात. खाणाऱ्याला मात्र घडी घातलेला, रुमालासारखा मऊ मांडा, दूध आणि तूप एवढेच दिसते.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या रविवारी मी मार्था व मरीया यांच्यावर संदेश दिला. गावाकडचे पाहुणे आले होते. स्वयंपाकघराच्या धांदलीत प्रभूचे बोलणे ऐकायचे राहून जाते, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. त्या दिवशी स्त्रियांची बाके अर्धी रिकामी होती, याकडे माझे लक्षच गेले नाही. आईही आली नव्हती. ती पाहुण्यांसाठी मांडे करीत होती. उपासना सुटल्यावर मी घरी गेलो, तीन मांडे खाल्ले आणि तिला म्हणालो, "आज संदेश चांगला झाला. तू असायला हवी होतीस."

आई म्हणाली, "मी आले असते तर तू आता काय खाल्ले असतेस?"

बोलण्यात राग नव्हता. तिने चौथा मांडा वाढला, आणि मी तो खाल्लाही.

जिभेचे चोचले नकोत, साधे खावे, असे आपल्यातील काही वडीलधारे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण देवाने निर्माण केलेले चांगले आहे, ते आभार मानून घ्यावे, असे पौलाने तीमथ्याला लिहिले आहे. प्रभूलाही लोकांनी खादाड म्हटले. कोणी मेजावर बोलावले तर तो जात असे. तेव्हा त्या मुलाला मी आता सांगेन की वरण आवडणे हे पाप नाही. एसावाला भुकेपुढे दुसरे काही दिसेनासे झाले, हा त्याचा दोष.

तरीही माझी सुटका होत नाही. उपदेशक 3:13 काढून पाहा. खाण्यापिण्याचे सुख ही देवाची देणगी, असे तेथे आहे. पण त्याच वचनात श्रमही आहेत. आम्ही पुरुषांनी ते वचन दोन भागांत वाटून घेतले: सुख आमच्याकडे, श्रम आईकडे किंवा बायकोकडे. "आईच्या हातची चव" असे आपण कौतुकाने म्हणतो, त्या हातांवरचे डाग पाहत नाही. लग्नकार्यांत मांडे करून देणाऱ्या बायका खानदेशात आहेत; त्यांना निदान मजुरी मिळते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल नावाच्या झाडाच्या रसाचा पाक करतात. थंडी सरताना, रात्री गोठण आणि दिवसा उबारा असे काही आठवडेच तो रस वाहतो. सुमारे 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक होतो. आपल्या गुऱ्हाळावर पोरे काकवीसाठी जमतात तशी तेथेही माणसे जमतात. हा रस गोळा करून आटवणे तेथील आदिवासींना युरोपीय लोक येण्यापूर्वीच ठाऊक होते. नव्या लोकांनी ते त्यांच्याकडून घेतले आणि पुढे त्यांनाच त्यांच्या रानांतून हुसकावले. पाकाच्या बाटलीवर त्यांचे नाव सहसा नसते. वारसा म्हणून आपण जे मिरवतो, त्याच्यामागे कोण उभे होते हे विचारले म्हणजे जेवणाची गोडी कमी होते, असे मला वाटत नाही. घास मात्र थोडा सावकाश उतरतो.

आमच्याकडे गिरणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. प्रीतिभोजनाला दिवसपाळीचे बांधव पोहोचतात तेव्हा पातेल्याच्या तळाशी रस्सा उरलेला मी पाहिला आहे. करिंथच्या मंडळीत असेच होत होते, आणि एकमेकांसाठी थांबा असे पौलाला लिहावे लागले. उलट तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य रात्रभर जाळे ओढून, जणू रात्रपाळी करून आले, तेव्हा विस्तव पेटवून, मासळी व भाकर तयार ठेवून प्रभूच त्यांची वाट पाहत होता. योहानाने हे लिहून ठेवले आहे. मार्थेवर बोलताना मला हा अध्याय आठवला नव्हता.

गेल्या नाताळच्या आदल्या रात्री चाळीमागच्या चुलीपुढे मी आणि माझा धाकटा भाऊ बसलो. आई स्टुलावर बसून सांगत होती आणि मधूनमधून हसत होती. पहिले पाच मांडे हातावरच फाटले. सहावा खापरावर कसाबसा बसला; एक कड जाड राहिली. नाताळच्या सकाळी आई उपासनेत पुढून तिसऱ्या बाकावर होती. घरी आल्यावर तिने तो जाड कडेचा मांडा दुधात बुडवून खाल्ला, आणि पुरणात जायफळ कमी पडल्याचे सांगितले.