रुमालाची गाठ

चिकपेटेतल्या ज्या दुकानातून आमच्या घरी साड्या येतात, तिथे "हळदीला नेसायची, पिवळी, फार जड नको" असं म्हटलं की गादीवरचा माणूस क्षणभर फडताळांकडे नुसता बघत राहतो. फडताळं रंगाप्रमाणे लावलेली नाहीत, समारंभाप्रमाणे तर नाहीतच. एका भिंतीला धर्मावरम, दुसरीला कांचीपुरम, कोपऱ्यात इलकल. माल जिथून आला, तिथल्या नावाची त्याची जागा. मग तो उठतो आणि तीन भिंतींवरून तीन साड्या काढतो. तिन्ही पिवळ्या.

दफ्तरखान्यात हेच चालतं, आणि तिथला शब्दही कापडाचाच आहे. मोडी कागद फडक्यात बांधले की त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हा शब्द अजून चालतो. ज्या घराण्याचे किंवा कचेरीचे कागद, तिचा रुमाल. आपण विषय घेऊन जातो. कपाट मात्र विचारतं, कुणाचे?

हे मला उशिरा कळलं. शहाजीराजांच्या बेंगळुराबद्दल काही हाती लागेल म्हणून एका ग्रंथालयाच्या सूचीत 'बेंगळूर' शोधलं, 'बंगळूर' शोधलं, जुन्या वळणाचं 'बेंगरूळ'ही करून पाहिलं. गॅझेटियर निघाले, बागांवरची पुस्तकं निघाली. राजे काही निघाले नाहीत.

दोष सूचीचा नव्हता. 1638 मध्ये आदिलशाहीच्या रणदुल्लाखानानं केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणं घेतलं आणि ते शहाजींकडे आलं. त्यांच्या पदरी जयराम पिंड्ये हा कवी होता. त्याच्या ग्रंथाचं नाव 'राधामाधवविलासचंपू'. या नावाखाली बेंगळुरातला दरबार असेल, असं कुणाच्या मनात येईल? सूचीकारानं तो संस्कृत काव्यात ठेवला तर त्याला बोल कसा लावावा; आरंभी खरोखरच राधा आणि कृष्ण आहेत. शहाजी पुढे येतात, आणि त्यांच्यासमोर नाना भाषांतली कवनं. 1922 मध्ये वि. का. राजवाड्यांनी हा चंपू छापला आणि त्याला भलीमोठी ऐतिहासिक प्रस्तावना जोडली. त्यांची सगळी अनुमानं मला पटत नाहीत. पण त्या प्रस्तावनेनं ग्रंथाचं कपाट बदललं, आणि कोणत्याही सूचीकाराला न जमणारं हे काम आहे.

दगडाचं बरं असतं. राईस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा बेंगळूर जिल्ह्याचा नववा खंड तालुक्याप्रमाणे लावलेला आहे, कारण शिलालेख सहसा जागा सोडत नाही. कागद मात्र चालतो. शहाजी 1664 मध्ये होदिगेरेजवळ वारले. त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी तंजावरचे राजे झाले, आणि 1687 मध्ये बेंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. तीन लाखांचा सौदा म्हणतात. पेटेत मराठी बोलणारे शिंपी आणि रंगारी आजही आहेत. पोथ्या जमल्या त्या राजघराण्याकडे, तंजावरच्या सरस्वती महालात. तो 1918 मध्ये लोकांना खुला झाला, आणि तिथल्या पोथीमुळे कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' 1927 मध्ये स. म. दिवेकरांच्या हातून छापून आलं. त्यात शहाजींचं बेंगळूर आहे.

म्हणजे चिकपेटेच्या चौकात उभं राहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकदा पुण्यात छापलेल्या प्रस्तावनेत सापडतं, एकदा कावेरीकाठच्या पोथीत. आता मी सूचीत गाव आधी घालत नाही. त्या गावातून कोण निघालं आणि कुठे गेलं, एवढं कागदावर मांडतो, मग उठतो.

आणि पेटेत कुणाच्या माळ्यावर आजोबांचा रुमाल असेल तर एक विनंती. पानं तारखेप्रमाणे नव्यानं लावू नका, बिलं आणि पत्रं वेगळी काढू नका. तो जसा बांधलाय तसाच राहू द्या, आणि तो कुणाचा, कुठून आला, एवढं चिठ्ठीवर लिहून गाठीत खोचून ठेवा.