नेपल्सनं नवं घर बांधलं नाही

चि. चिमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखंच, पुढं पळणारं. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघात तुझी निवड थोडक्यात हुकली हे वाचून आजीनं दोन मिनिटं तोंड पाडलं आणि मग लगेच डिंकाच्या लाडवांची तयारी काढली, तेव्हा पार्सल येईलच. मला मात्र निवड हुकल्याचं काही वाटलं नाही, वाटलं ते तुझ्या पुढच्या ओळीचं: ‘आजोबा, वय निघून चाललंय.’ विसाव्या वर्षी वय निघून चाललंय म्हणणारी आपल्या घरात तू पहिलीच! अगं, जगभरच्या विद्यापीठांतल्या मुलामुलींची ती जी स्पर्धा, जिला माझ्या पिढीतले लोक अजून युनिव्हर्सिआडच म्हणतात, तिला 18 ते 25 वयाची मुलं चालतात आणि ती दर दोन वर्षांनी भरते. 2027 साली दक्षिण कोरियात आहे, 2029 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. मांड हिशोब.

या घाईवरून मला 2019 सालचं नेपल्स आठवलं, ते सांगतो. त्या वर्षीची स्पर्धा खरं तर ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात व्हायची होती. पैशाची अडचण पुढं आली, त्यांनी अंग काढून घेतलं, आणि 2016 साली हे काम इटलीतल्या नेपल्सच्या पदरात पडलं. हाताशी जेमतेम तीन वर्षं, आणि गाव असं की पैशाची चणचण तिथं पाचवीलाच पुजलेली. आपल्याकडं अचानक लग्न निघालं तर आपण काय करतो? नवं घर बांधायला घेत नाही. आहे त्याच भिंतींना चुना लावतो, शेजारून गाद्या-सतरंज्या आणतो आणि पाहुण्यांची सोय अर्धी आपल्याकडं, अर्धी वाड्यातल्या चार घरांत करतो. नेपल्सनं अगदी हेच केलं.

खेळाडूंच्या राहण्यासाठी मोठी नगरी उभी करायची आणि नंतर ती ओस पडलेली बघायची, हा खर्च त्यांनी केलाच नाही. बंदरात दोन प्रवासी जहाजं आणून उभी केली आणि पोरांना जहाजांवरच उतरवलं. (तुला बोट लागते, तेव्हा तू काय केलं असतंस कोण जाणे, पण धक्क्याला बांधलेलं जहाज फारसं हलत नाही म्हणतात.) बाकीच्या काहींची सोय सालेर्नोजवळच्या विद्यापीठाच्या आवारात. उद्घाटन आणि मैदानी स्पर्धा सान पाओलो स्टेडियमवर झाल्या, जिथं मॅराडोना खेळायचा आणि ज्याला आता त्याचंच नाव आहे. ते स्टेडियम 1959 सालचं. त्याच्या खुर्च्या बदलल्या, धावपट्टी नव्यानं घातली. पोहण्याचा स्कांदोने तलाव 1963 च्या भूमध्यसागरी स्पर्धांच्या वेळचा, त्याचीही डागडुजी केली. स्पर्धा उरकली, जहाजं नांगर उचलून निघून गेली, आणि गावाला राहिली ती दुरुस्त झालेली मैदानं. मला विचारशील तर स्पर्धा भरवावी ती अशी.

आणि 1959 म्हटलं की तूरिन आलंच. पहिली युनिव्हर्सिआड त्या वर्षी तिथं झाली. प्रिमो नेबिओलो नावाच्या खटपट्या माणसानं ती घडवून आणली, आणि विजेत्यांसाठी देशोदेशीची राष्ट्रगीतं न वाजवता ‘गॉदेआमुस’ हे विद्यार्थ्यांचं जुनं लॅटिन गाणं वाजवलं. त्या गावचाच लिव्हिओ बेरूती तिथं दोनशे मीटर जिंकला. पोरगा रसायनशास्त्र शिकत होता. पुढच्या वर्षी रोमच्या ऑलिंपिकमध्येही त्यानंच सुवर्ण नेलं. पुस्तकं कपाटात टाकून पळ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तुलाही मी सांगणार नाही.

नेपल्सला आपली द्युती चंद शंभर मीटर जिंकली, तो व्हिडिओ तू मला दाखवलास तेव्हा दोनदा मागं नेऊन बघितला होतास. तिची वेळ 11.32 सेकंद, दुसरी आलेल्या स्विस मुलीची 11.33. ओडिशातल्या विणकराच्या घरातली ही पोर. तो एक शतांश शेवटच्या आठवड्यात कमावता येत नाही, चिमी. तो सकाळी साडेपाचला बुटांचे बंद बांधण्यात, रात्री दहाला फोन बाजूला ठेवण्यात साठत जातो. पुढं 2023 साली उत्तेजकांवरून तिच्यावर चार वर्षांची बंदी आली हेही तुला ठाऊक आहे. मी तिचा न्याय करायला बसलेलो नाही, पण वसतिगृहात कुणी ‘लवकर फरक पडतो’ म्हणून पावडर किंवा गोळी पुढं केली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जिभेला लावू नकोस. तू तसं करणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहितो, म्हातारपणाची खोड.

आता तुझ्या नव्या बुटांचं. जुन्यांचा तळ झिजला असेल तर खुशाल घे, पायाच्या बाबतीत काटकसर नको, पैसे मी पाठवतो. पण नुसता रंग आवडला म्हणून घेत असशील तर हे वर्ष तेच वापर. आणि पत्राच्या शेवटी, जणू काही विशेष नाही अशा थाटात, टाच दुखते असं जे लिहिलंस ते मी आजीला वाचून दाखवलेलं नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखव, ते म्हणतील तितके दिवस पळणं बंद ठेव, आणि ते काय म्हणाले ते मला सविस्तर कळव.

तुझे,
आजोबा