संथ पाण्यावरील घाई

प्रवास करणें निराळें आणि प्रवासाची आखणी करणें निराळें. प्रवासांत मनुष्य परिस्थितीच्या स्वाधीन असतो. आखणी करतांना तो सर्वस्वीं आपल्या इच्छेच्या राज्यांत वावरतो. नकाशावर बोट ठेवून 'पहिल्या दिवशीं येथपर्यंत, दुसऱ्या दिवशीं तेथपर्यंत' असें जो ठरवितो, त्याच्या मनांत त्या वाटेवर दुसरें कोणी नसतेंच. सारी वाट त्याची एकट्याची. वरवर ही गोष्ट निरुपद्रवी दिसते. परंतु आखणीच्या या एकटेपणांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे असें आम्हांस वाटतें, आणि तो एका अगदीं क्षुल्लक, किंबहुना चैनीच्या, उदाहरणावरून तपासून पाहण्याचें योजिलें आहे.

छत्रपति संभाजीनगरांतील कित्येक घरांचीं मुलें आज नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतात. आईबाप त्यांजकडे जातात, लंडन पाहतात, आणि पुढच्या खेपेस एखादा मुलगा सुचवितो कीं, या वेळीं आठवडाभर कालव्यावर नौका भाड्यानें घेऊं. ही नौका आपली आपणच हांकावयाची असते. रुंदी सात फुटांहून किंचित् कमी आणि लांबी साठ-सत्तर फुटांपर्यंत. आंत निजण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची सोय. भाड्यानें घेणारास परवाना लागत नाहीं. थोडा वेळ शिकवून किल्ली हातीं देतात. वेगाची मर्यादा ताशीं चार मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या मनुष्याची गति. कांठाला बांधलेल्या नौकेजवळून जातांना याहूनहि मंद जावें लागतें, नाहीं तर लाटांच्या ओढीनें तिच्या खुंट्या उपटतात. हे कालवे मूळचे कोळसा आणि माल वाहण्याचे. १७६१ त ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला व पुढच्या सत्तर वर्षांत त्यांचें जाळें देशभर पसरलें. मग आगगाडीनें त्यांचा धंदा हिरावून घेतला. १९४४ त रोल्ट यांचें 'नॅरो बोट' हें पुस्तक निघालें, १९४६ त कालव्यांच्या रक्षणासाठीं संस्था स्थापन झाली, आणि ज्या पाण्यावर नावाड्यांचीं कुटुंबें रोजीसाठीं रात्रंदिवस घाई करीत, तेथेंच लोक घाई विसरण्यासाठीं जाऊं लागले.

पण घाई घरीं ठेवून येतां येते काय? नौकेच्या आखणीचा एक सोपा हिशेब आहे. वाटेंतले मैल आणि वाटेंतलीं लॉकें यांची बेरीज करावी व तिला तीननें भागावें, म्हणजे लागणारे तास निघतात. चार परगण्यांतून फिरून येणारें एक प्रसिद्ध वर्तुळ आहे. तें सुमारें ११० मैलांचें असून त्यांत ९४ लॉकें लागतात. बेरीज २०४, म्हणजे ६८ तास. सात दिवसांत रोज जवळजवळ दहा तास. कागदावर हें बसतें, आणि कागदावर बसतें म्हणून मन म्हणतें, बसवूं. एवढें विमानाचें भाडें भरून गेल्यावर अर्धेंच पाहून यावयाचें कीं काय? अष्टविनायक दोन दिवसांत उरकणाऱ्या आमच्या समाजास हा युक्तिवाद नवा नाहीं.

आतां लॉक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथेंच उभा राहतो. लॉक ही पाण्याची पायरी होय. दोहों बाजूंस दारें असलेला एक दगडी हौद; वरच्या अंगाचें पाणी आंत घेतलें कीं नौका वर चढते, खालच्या अंगास सोडलें कीं ती उतरते. झडपा आपणच हातानें उघडावयाच्या. अरुंद नौकेच्या एका हौदास, त्याच्या खोलीप्रमाणें, सुमारें एक लाख लिटर पाणी लागतें. आमच्याकडच्या भाषेंत, दहा हजारांचे दहा टँकर.

समजा, आपण चढणीच्या वाटेवर आहों आणि समोरचा हौद भरलेला आहे. दूर वरच्या बाजूनें दुसरी नौका येतांना दिसते. आपण पंधरा-वीस मिनिटें थांबलों, तर ती भरल्या हौदांत शिरेल, पाण्याबरोबर खालीं येईल, आणि रिकाम्या झालेल्या त्याच हौदांत आपण शिरूं. न थांबतां आपण हौद रिकामा करून घेतला, तर एक पूर्ण हौदभर पाणी कोणासहि न चढवितां-उतरवितां वाहून गेलें, आणि समोरच्याची पाळीहि हिरावली. थांबावें हा तेथला शिष्टाचार आहे. शिक्षा कोणी करीत नाहीं. फार झालें तर कोणी चार शब्द सुनावील.

ज्यानें रोजचे दहा तास आधींच बांधून ठेवले, तो थांबेल काय? तो दुष्ट असतो असें नाहीं. घरीं तो कदाचित् अत्यंत सौजन्यशील गृहस्थ असेल. परंतु त्याचें सौजन्य त्यानें दोन महिन्यांपूर्वीं, नकाशासमोर बसून, खर्चून टाकलेलें असतें. लॉकपाशीं उभें राहिल्यावर त्याच्यापुढें निवड उरलेलीच नसते. वेळापत्रक त्याच्या वतीनें निवड करतें. म्हणून अपराध जर कोठें घडला असेल तर तो झडप उघडतांना नव्हे, आखणी करतांना घडला. नीतिशास्त्र कृतीच्या क्षणाविषयीं पुष्कळ बोलतें. त्या क्षणास मोकळीक ठेवणाऱ्या पूर्वतयारीविषयीं तें फार थोडें बोलतें, ही आमची जुनी तक्रार आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाहीं. नौका ठरल्या दिवशीं सकाळीं परत करावीच लागते. दुपारीं तींत दुसरें कुटुंब यावयाचें असतें. तेव्हां वेळ पाळणें हाहि दुसऱ्याविषयींचा धर्मच झाला. समोरून येणाराकरितां थांबावें तर मागून येणारा ताटकळतो. हें खरें आहे. आणि दोन धर्मांची अशी गांठ पडली असतां लॉकपाशीं उभें राहून तिचा निकाल लागत नाहीं, हेंहि खरें आहे. तो निकाल घरींच, अंतर कमी ठरवूनच, लागूं शकतो. दुसरा आक्षेप असा कीं, तेथल्या पाण्याचा आणि आमच्या दुष्काळाचा संबंध काय? तेथें वांचविलेला थेंब मराठवाड्यास येणार नाहीं. अगदीं बरोबर. परक्या मुलुखांत आपल्या तहानेची आठवण काढून झुरणें ही निव्वळ भावविवशता होय. परंतु तेथलें पाणीहि अखंड नाहीं. २०२५ च्या उन्हाळ्यांत पावसानें ओढ दिली तेव्हां लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे लांबच लांब भाग नौकांस बंद करावे लागले. जो हिशेब द्यावयाचा तो तेथल्याच माणसांस द्यावयाचा आहे.

पैठणच्या एकनाथांची कथा आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असते. काशीची गंगा कावडींत घेऊन रामेश्वरास न्यावयाची, असा संकल्प. वाट शेंकडों कोसांची. आणि वाटेंत तहानेनें तडफडणारें एक गाढव. नाथांनीं तें पाणी त्याच्या मुखांत घातलें. या कथेंत आपण भूतदया पाहतों, व ती आहेच. परंतु तींत एका आखणीचा भंगहि आहे, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. केवळ संकल्प म्हणून पाहिला तर तो पवित्रच होता. मात्र त्यांत गाढवास जागा नव्हती. ती नाथांनीं ऐन वेळीं केली. एवढी थोरवी ज्याच्या अंगीं नाहीं, त्यानें ती जागा आधींच राखून ठेवावी, एवढाच अर्थ आमच्यासारख्या प्रापंचिकांनीं काढावयाचा. सुटीच्या नौकेस ही कथा लावणें कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोठ्या त्यागाला निदान कीर्तीचा आधार असतो. वीस मिनिटें थांबण्याचें कोणी कीर्तन करीत नाहीं.

आणि नाथांच्याच नांवाचा सागर आमच्या शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. जायकवाडीचें तें धरण १९७६ पासून उभें आहे. त्यापूर्वीं साडेतीनशें वर्षांवर मलिक अंबरानें जमिनीखालून नहर आणून खडकीची तहान भागविली होती. तरीहि या शहरानें कित्येक वर्षें नळाचें पाणी दिवसादिवसांच्या अंतरानें येतांना पाहिलें. अशा पाळीच्या दिवशीं गल्लींतल्या नळास मोटर लावून पाणी ओढणारा गृहस्थ कोणी निराळा नसतो. 'मी न लावली तर शेजारी लावील' हें त्याचें म्हणणें, आणि 'मी न शिरलों तर मागचा शिरेल' हें लॉकवरच्या उतावळ्याचें. नदीच्या प्रमाणावरहि हेंच चालतें: वरच्या धरणांतून जायकवाडीस किती सोडावें हें ठरविण्यास २००५ चा कायदा लागला, आणि तरी पाणी सोडण्याची वेळ आली कीं वाद न्यायालयापर्यंत जातोच. आमचा हाच गृहस्थ इंग्लंडांत मात्र हंसतमुखानें थांबतो, 'आधीं आपण या' म्हणतो, आणि परत आल्यावर तिकडच्या लोकांच्या शिस्तीचें वर्णन करतो. आम्हांस त्या वर्णनाचा कंटाळा आला आहे. तेथें झडप हातानें उघडावी लागते, पाणी डोळ्यांदेखत जातें आणि समोरचा मनुष्य नजरेस पडतो. येथें नळीच्या दुसऱ्या टोंकाचा शेजारी दिसत नाहीं.

आमचा सल्ला कोणी विचारलाच तर वर्तुळ सोडून द्यावें. वर्तुळ अर्ध्यावरून सोडतां येत नाहीं. लँगोलनच्या कालव्यानें जाऊन त्याच वाटेनें परत यावें. सुमारें ४५ मैल आणि अवघीं २१ लॉकें. पाँटकिसिल्टचा टेलफर्डनें बांधलेला, १८०५ सालचा उंच जलसेतु त्याच वाटेवर. मन बदललें तर नौका वळविण्यासाठीं मधून मधून रुंद केलेल्या जागा आहेत. त्या नकाशावर आधींच खुणावून ठेवाव्या. या कालव्याची आणखी एक गंमत आहे. १९४४ च्या कायद्यानें तो वाहतुकीस बंद झाला होता. परंतु चेशर परगण्याचें पाणी त्यांतून जात असल्यामुळें बुजविला गेला नाहीं. पिणाऱ्यांच्या गरजेनें तो वांचला आणि हिंडणाऱ्यांच्या उपयोगी पडला. हर्लस्टनच्या चार लॉकांवर उन्हाळ्यांत रांग लागते. रांगेंत चहाचें आधण ठेवण्यास पुरेसा वेळ मिळतो. तें पाणी मात्र नौकेच्या टाकींतलें. कालव्याचें चालत नाहीं. टाकी ठिकठिकाणच्या नळांवर भरून घ्यावी लागते व पुढचा नळ येईतों पुरवावी लागते. छत्रपति संभाजीनगरच्या गृहिणीस हें कोणी शिकवावें लागणार नाहीं.