पूर्वतयारी आणि पाचवे कारण

व्यावसायिक फुटबॉल संघाचा हंगाम पहिल्या सामन्याच्या शिट्टीने सुरू होत नाही. त्याआधीचे दीड-दोन महिने धावणे, वजने उचलणे, डावपेचांची घोटाई आणि गुणतक्त्यात न धरले जाणारे मैत्रीपूर्ण सामने यांत जातात. हे सारे कशासाठी, असे विचारले तर सरळ उत्तर येते: जिंकण्यासाठी. पण बारा-तेरा संघांच्या स्पर्धेत विजेता एकच. मग उरलेल्यांचा घाम वाया गेला म्हणायचा का? यावर आपल्याकडे दोन समजुती तयारच असतात. मेहनतीचे फळ मिळतेच, ही एक; आणि नशिबात असेल तेच होते, ही दुसरी. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक हवाला गीतेचाच देतात. माझे म्हणणे असे की गीता या दोघांपैकी कोणाच्याच बाजूची नाही, आणि तिचे म्हणणे पारखायला सरावाचे मैदान कुरुक्षेत्रापेक्षाही सोयीचे आहे. तिथे कर्म रोज, पुरेपूर चाललेले असते आणि फळाचा अजून पत्ताही नसतो.

उदाहरणाला हैदराबाद एफसी घेऊ. पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर ऑगस्ट 2019 मध्ये त्याच्या जागी हा क्लब उभा राहिला. ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू व्हायची होती. तयारीला धड दोन महिनेही नव्हते. त्या हंगामात 18 सामन्यांत 10 गुण आणि शेवटचा क्रमांक. 2020 मध्ये मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले, त्यांनी तरुण भारतीय खेळाडूंवर भिस्त ठेवली, आणि 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघ विजेता ठरला. इथवर मेहनतवाद्यांची बाजू भक्कम दिसते. पण तो अंतिम सामना जरा बारकाईने पाहावा. केरळ ब्लास्टर्स एका गोलने पुढे होते. 88व्या मिनिटाला, बदली म्हणून उतरलेल्या साहिल तवोरा या गोव्याच्या खेळाडूने बरोबरी साधली. मग जादा वेळ, मग पेनल्टी. आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच, याने त्यांतल्या तीन अडवल्या. तवोराचा फटका वीतभर बाहेर गेला असता तर त्याच तयारीला आपण दुसऱ्या दिवशी अपुरी म्हटले असते. शिवाय करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच झाला. आपल्या शहरात एकही सामना न खेळता या संघाने शहराला चषक मिळवून दिला. आणि मग 2023-24: पैशांची चणचण, थकलेले पगार, सोडून गेलेले परदेशी खेळाडू, 22 सामन्यांत एकच विजय. त्या वर्षी मैदानात उतरलेली पोरे आळशी होती, असे कोणी म्हणेल का? 2025 मध्ये तर क्लबच हैदराबाद सोडून दिल्लीला गेला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची नजर कच्ची, असेही तिथे लगेच म्हटले आहे. नशिबाचे नाव घेणाऱ्याला इथे आधीच्या चार कारणांचा हिशेब द्यावा लागतो आणि मेहनतीचे नाव घेणाऱ्याला पाचव्याचा. पूर्वतयारी फार तर मधल्या तीन कारणांना हात घालू शकते. क्लबची तिजोरी हे अधिष्ठान खेळाडूच्या हातात नाही, आणि चेंडू खांबाला लागून आत जाईल की बाहेर, हे कोणाच्याच हातात नाही. तेव्हा तयारीमुळे विजयावर हक्क निर्माण होतो, हे तर्कालाच धरून नाही. हे पटायला श्रद्धाळू असण्याची गरज नाही.

मग तयारी कशासाठी? याचे एक उत्तर हैदराबादच्याच सय्यद अब्दुल रहीम यांच्या पद्धतीत सापडल्यासारखे वाटते. पेशाने शिक्षक असलेल्या रहीमसाहेबांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. केवळ दुबळ्या पायानेच खेळायचे, चेंडू ड्रिबल करायचा नाही, अशा अटींच्या स्पर्धा ते भरवत. अशा स्पर्धेतली खरी कमाई म्हणजे तयार झालेला डावा पाय. चषक पाच कारणांवर लटकलेला. पाय मात्र ज्याचा त्याचा. हे उत्तर आकर्षक आहे, पण पुरेसे नाही. सरावातच गुडघ्याचा स्नायुबंध तुटला तर कमावलेला पायही जातो. आणि रहीम यांच्या स्वतःच्या बाबतीत काय झाले? 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला ते भारताचे प्रशिक्षक म्हणून कर्करोग अंगात घेऊन गेले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीला खेळवले, त्यानेच अंतिम सामन्यात एक गोल केला, आणि भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून सुवर्णपदक घेतले. जून 1963 मध्ये रहीम गेले. फळ आले, पण ज्याने झाड लावले त्याच्या वाट्याला त्याचे नऊच महिने आले.

गीता मात्र फळावरचा हक्क काढून घेऊन माणसाला रिकाम्या हाताने सोडत नाही. त्या जागी ती लोकसंग्रह, म्हणजे लोकांची घडी सांभाळण्याचे काम, ठेवते, आणि टिळकांनी गीतारहस्यात सगळा भर दिला तो यावरच. संघ हा अकरा-वीस माणसांचा छोटासा लोकच आहे. मी दम राखला नाही तर 80व्या मिनिटाला माझी जागा भरायला दुसऱ्याला धावावे लागते. मी जागा सोडली तर त्याचा पास फुकट जातो. तयारी हे सोबत्यांना दिलेले वचन आहे, आणि ते पाळले की नाही हे निकाल लागण्याआधीच ठरलेले असते. तवोराला पहिल्या अकरांत जागा नव्हती. तरीही तो तयार होता, म्हणून उरलेल्या दहा जणांना सामन्यात परत येता आले.

यावर व्यावसायिक खेळाडू म्हणेल की जिंकायची इच्छाच नसलेला माणूस पहाटे उठेल कशाला? आक्षेप रास्त आहे, पण त्यात हेतू आणि हक्क यांची गल्लत आहे. जिंकण्याचा हेतू धरल्याशिवाय डावपेच आखताच येत नाहीत. अर्जुनालाही युद्ध हरण्यासाठी उभे केले नव्हते. नाकारला आहे तो दावा: मी एवढे केले, आता फळ मला मिळालेच पाहिजे. हैदराबादजवळच्या चिलकूर बालाजीच्या देवळात इच्छा धरून 11 प्रदक्षिणा घालतात आणि ती पुरी झाली की 108. परदेशी व्हिसासाठी तिथे रांग लागते म्हणून या देवाची टिंगलही होते. मला त्या प्रथेत सौदा कमी दिसतो. आधी थोडे, मिळाल्यावर दहापट चालायचे. तिथे दानपेटीही नाही. जे मिळाले त्यात आपल्याखेरीज कोणाचा तरी वाटा होता, याची नंतरच्या प्रदक्षिणा ही पावती असावी. सामन्याआधी गवताला हात लावून कपाळाला लावणारा खेळाडू पाचव्या कारणाची एवढीच दखल घेत असेल, तर त्यात अंधश्रद्धा शोधायला नको.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. फळाची आशा धरू नका हा उपदेश मालकांच्या फार सोयीचा. पगार थकवायचा आणि वर निष्काम कर्माचे प्रवचन द्यायचे. गिरणीपासून शाळेपर्यंत हे आपल्याकडे भरपूर झाले आहे. पण पगार हे गीतेतले फळ नव्हेच. तो करार आहे, म्हणजे देणाऱ्याचे कर्तव्यकर्म. खेळाडूने तो मागणे ही आसक्ती ठरत नाही. जुलै 2025 मध्ये लीगचा नवा हंगाम स्थगित झाला, ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले, आणि ऐन तयारीच्या महिन्यांत हंगाम होणार की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हते. अशा वेळी घरी एकट्याने पळत राहणाऱ्या खेळाडूला फळाची आशा न धरण्याचा गीतेतला श्लोक स्वतःशी म्हणता येईल, आणि तो त्याला आधारही देईल. दुसऱ्याने तो त्याला ऐकवायचा तर ऐकवणाराही त्याच रथावर हवा. कृष्णाने तो सांगितला तेव्हा घोड्यांचे लगाम त्याच्याच हातात होते. खेळाडूंचे पगार थकवून बसलेल्या कोणाही मालकाला तो उच्चारण्याचा अधिकार नाही.