बेपत्ता भाऊ आणि शाळेचा रंगमंच

युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाच्या घरी शोक धड सुरू होत नाही आणि संपतही नाही. मृत्यूची खबर आली तर तिरंग्यातली शवपेटी येते, गाव गोळा होते, दहावे-तेरावे होते. ‘बेपत्ता’ एवढाच निरोप आला तर यातले काहीच घडत नाही. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धातील बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातून एक संकल्पना पुढे आली. मराठीत तिला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस देहाने नाही, पण घरातली त्याची जागा भरलेलीच आहे. अशा कुटुंबाचे गोठून जाणे हा मनाचा दुबळेपणा नसून परिस्थितीचाच परिणाम आहे, असे बॉस सांगतात. त्या युद्धातून 1973 मध्ये 591 अमेरिकी कैदी परतले. दीड हजारांहून अधिक जणांचा ठावठिकाणा आजही लागलेला नाही.

महाराष्ट्राला ही अवस्था नवी नाही. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्याचे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानले नाही आणि वैधव्यही स्वीकारले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक जण उभा राहिला. त्याच्यावर विश्वास ठेवणारे मोठमोठे लोकही निघाले आणि अखेर 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. अलीकडचे उदाहरण फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानातील शोरकोट हवाई तळावरील हल्ल्यानंतर ते परतले नाहीत. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी कित्येक दशके त्यांचा शोध सोडला नाही.

इतिहासात आणि वर्तमानपत्रांत पत्नी दिसते, आई-वडील दिसतात. भावंड क्वचितच दिसते. लष्कराचा पत्रव्यवहार होतो तो पत्नीशी किंवा आई-वडिलांशी. धाकट्या बहिणीच्या कानी सारे दाराआडून येते. आईसमोर रडायचे नाही हे ती लवकर शिकते, आणि हळूहळू तीच घरातली सांभाळणारी होते. कायद्याने सात वर्षे काहीच खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो. धर्मशास्त्रात साधारण बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिकृती दहन करण्याचा पालाशविधी आहे. चौदा वर्षांची मुलगी बारा वर्षांत सव्वीस वर्षांची होते. वाढीचा सगळा काळ या प्रतीक्षेतच जातो. विज्ञानाच्या लेखी मात्र भावंडाचे मोल मोठे आहे. एका आईच्या मुलांत मायटोकाँड्रियल डीएनए सारखाच असल्यामुळे दशकांनंतर सापडलेल्या अस्थींची ओळख पटवायला बहिणीचा नमुनाही चालतो.

अशा मुलीला शाळेचे नाटक काय देते? पहिली गोष्ट अगदी साधी: तारीख. घरी कशालाच शेवट नाही. शाळेत मात्र प्रयोगाचा दिवस ठरलेला असतो, तोवर संहिता पाठ व्हावीच लागते आणि एंट्री चुकली तर समोरचा अडतो. कुणाला तरी आपली गरज आहे आणि ती गरज दुःखाशी संबंधित नाही, याचा आधार फार मोठा असतो. वर्गात ती ‘त्या जवानाची बहीण’ असते. तालमीत ती राणी, चेटकीण किंवा प्रॉम्प्टर असते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. बॉस यांच्या मते संदिग्ध वियोगात ‘तो गेला’ किंवा ‘तो येणारच’ यांपैकी एक निवडायला लावणे घातक ठरते; ‘तो नाही, आणि कदाचित असेलही’ ही दोन्ही वाक्ये एकत्र पेलता यावी लागतात. रोजच्या व्यवहारात हे वेडेपण वाटते. रंगमंचावर तो नियमच आहे. समोरचा नट भाऊ नाही हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरी प्रवेश चालू असेपर्यंत तो भाऊच असतो. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. तोतया आणि नट यांच्यातला फरक नेमका हाच.

जुन्या नाटककारांना हे पुरते ठाऊक होते. सोफोक्लिझ स्वतः अथेन्सचा सेनापती राहिलेला. त्याच्या ‘इलेक्ट्रा’मध्ये बहिणीच्या हाती भावाचा म्हणून अस्थिकलश येतो, ती विलाप करते, आणि भाऊ जिवंत तिच्यासमोरच उभा असतो. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने पोलस नावाच्या नटाची हकिगत नोंदवली आहे. मुलगा वारल्यानंतर तो इलेक्ट्राच्या भूमिकेत उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात त्या मुलाच्याच अस्थींचा कलश होता. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये भाऊ बुडाला असे समजणारी व्हायोला पुरुषवेश घेते आणि भावासारखी दिसू लागते. 1602 साली लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झालेले हे नाटक आजही जगभरच्या शाळांत होते.

पोलसचे उदाहरण थोर नटाचे आहे. शाळकरी मुलीसाठी ते अनुकरणीय नाही. नाट्योपचारात भूमिका आणि माणूस यांच्यातले अंतर जपण्यावर भर असतो. अंतर फार कमी झाले की वेदना अनावर होते, फार वाढले की काहीच हलत नाही. रिकाम्या खुर्चीशी बोलण्यासारखे मोरेनो यांच्या ‘मनोनाट्य’ या उपचारपद्धतीतले प्रयोग प्रशिक्षित माणसाखेरीज कुणी करूच नयेत. ‘तुझ्या भावावरच नाटक बसवू’ हा उत्साह तर निखालस क्रूर आहे, मग तो कितीही देशप्रेमाने आलेला असो. टाळ्या प्रेक्षकांच्या होतील, पण दुसऱ्या दिवशी घरी उत्तर नसलेला प्रश्न पुन्हा तिच्याच वाट्याला येईल.

म्हणून शिक्षकाने संहिता दूरची निवडावी, परीकथेची किंवा परक्या देशाची, आणि भूमिका मुलीला निवडू द्यावी. तिला प्रकाशयोजना किंवा नेपथ्य हवे असेल तर तेही नाटकच आहे. तालीम मध्येच सोडून बाहेर जाण्याची मुभा असावी आणि परत आल्यावर कुणी चौकशी करू नये. झोप उडणे, खाणे सुटणे, अभ्यास पूर्ण थांबणे अशी लक्षणे दिसली तर समुपदेशकाकडे पाठवावे. नाटक हा त्याला पर्याय नाही. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या ज्या गावांत घरटी एक जण फौजेत आहे, तिथल्या शाळांनी तरी नाटक स्नेहसंमेलनाच्या दोन आठवड्यांपुरते न ठेवता वर्षभर चालवावे. त्यासाठी एक रिकामा वर्ग आणि मुलांचे ऐकून घेणारा एक शिक्षक पुरेसा आहे.