जुनेपाने आणि वैराग्य

काटकसर कोठे संपते आणि कवडीचुंबकपणा कोठे सुरू होतो, हा प्रश्न संसारी वारकऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. करमाळ्याकडचा मुलूख कोरडवाहू, वारंवार दुष्काळाचा. तिथला माणूस वस्तू सहजासहजी टाकीत नाही. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवतात. वाकळ विरली की तिचे पोतेरे होते. तेलाच्या रिकाम्या डब्याला दांडा ठोकला की पाणी आणायची सोय झाली. खताची रिकामी गोणी एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावर घेतली की पावसाची खोळ झाली, आणि तीच पांघरून कित्येकजण वारीही चालतात.

पण याला वैराग्य म्हणण्याची घाई करू नये. अहो, नाइलाज निराळा आणि वैराग्य निराळे! कित्येकांच्या माळ्यावर बिनकाचेचे कंदील आणि तळ गेलेल्या बादल्या साठलेल्या असतात. शेजाऱ्याने एखादी मागितली तर, “राहू द्या, लागेल कधीतरी,” हे उत्तर ठरलेले. नवे घेण्याचा लोभ सुटला खरा, पण तो जुन्याला जाऊन चिकटला.

स्वस्तात मिळालेल्या जुन्या वस्तूचे आपण मोठे कौतुक करतो. पण ती स्वस्त का मिळाली, हे कोण विचारतो? १९७२ च्या दुष्काळात कित्येक घरांतले हंडे-घागरी मोडीच्या भावाने गेल्या. घेणाऱ्याने चांगला हंडा मोडीत मिळवला आणि त्याला काटकसर म्हटले. माझ्या मते ती काटकसर नव्हे. देणाऱ्याच्या अडचणीतून जी बचत होते, तिला दुसरे नाव शोधावे लागेल.

येथे गाडगेबाबांची (१८७६–१९५६) आठवण होते. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर. लोकांनी टाकलेले त्यांनी अंगावर घेतले. खापर डोक्याला टोपी आणि जेवायला ताट. एवढे आपल्याला ठाऊक असते, पण पुढचे आपण विसरतो. लोकांकडून मिळालेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्या काही चिंध्यांच्या नव्हत्या. पक्क्या भिंतींच्या होत्या. पंढरपुरात तर चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली. स्वतःला खापर चालले, म्हणून यात्रेकरूलाही खापरच पुरे, असे त्यांनी म्हटले नाही.

आपले बहुधा उलटे असते. चांगले घोंगडे पेटीत राहते आणि विरलेले दिंडीतल्या गरिबाला ‘दान’ म्हणून जाते. बोहारीण ज्याच्या बदल्यात वाटीसुद्धा देणार नाही, ते धोतर आपण पुण्यखाती लिहितो! जुने वापरायचे तर खुशाल वापरावे. ठिगळाची लाज कशाला? पण ते आपल्या अंगावर. यंदा आषाढीला निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यातून जाईल, तेव्हा पेटी उघडताना घरातल्या थोरांनी एवढे ठरवावे की कोणते घोंगडे आपण पांघरणार आणि कोणते वारकऱ्याला द्यायचे.